खरखरीपलीकडचा गवई

माझ्याकडे साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. लेबलवर निळ्या बॉलपेनने ‘र. अ. – रेडिओ’ एवढंच लिहिलेलं, आणि त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताचं : ‘आवाजाकडे जाऊ नका. गाणं ऐका.’

ही सूचना कोणी लिहिली ते मला ठाऊक नाही. कॅसेट माझ्यापर्यंत आली ती इंदूरच्या एका मामांकडून. त्यांच्याकडे ती उज्जैनच्या कुणाकडून आली होती, त्या कुणाकडे एका स्पूलवरून. नकलेची नक्कल, तिची नक्कल. सुरुवातीला नुसती खरखर. पत्र्यावर पाऊस पडावा तशी. मग तबला ऐकू येतो, तोही शेजारच्या घरात चालल्यासारखा. आणि मग एक म्हातारा आवाज. दमलेला, वरच्या सुरांवर फाटणारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाच मिनिटांत मी बंद करून टाकलं होतं. त्या दुसऱ्या शाईतल्या माणसाला माझ्यासारखे पुष्कळ भेटलेले असणार.

दुसऱ्यांदा ऐकायला बसवलं ते देवासच्या एका निवृत्त मास्तरांनी. त्यांच्या घरी एक नियम आहे : रजबअली लावायचे असले की फ्रीज बंद करायचा. पंखाही. मे महिना होता. “घाम येऊ द्या हो,” मास्तर म्हणाले, “पण मध्ये बोलू नका.” मी बोललो नाही. साधारण अकराव्या मिनिटाला त्या दमलेल्या गळ्यातून एक तान निघाली. सरळ वर जाऊन सरळ खाली येणारी ती नव्हती. ती निघाली, मध्येच वळली, जिथून आली तिथेच परत जाते आहे असं भासवून भलतीकडे उडी मारून गेली, आणि आता ही सापडत नाही असं वाटतंय तोवर समेवर येऊन उभी राहिली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरची दोन बोटं त्यांनी फक्त उचलली आणि ठेवली. राग कोणता हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तो कानडा नक्की कोणता, यावरून मास्तरांचे दोन मित्र वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

उस्ताद रजबअली खाँ. जन्म १८७४, मृत्यू ८ जानेवारी १९५९, देवास. १९५४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, म्हणजे वयाच्या ऐंशीच्या घरात. महाराष्ट्रात आज हे नाव घेतलं तर गाण्याच्या माणसांखेरीज कुणाच्या चेहऱ्यावर ओळख दिसत नाही, आणि गाण्याच्या माणसांतही निम्मे जण ‘हो हो, अमीर खाँसाहेबांवर प्रभाव होता ना त्यांचा’ असं एका वाक्यात त्यांना आटोपतात. हे वाक्य मी स्वतः पुष्कळ वर्षं वापरलं. त्याची भरपाई म्हणून हा लेख, असं समजा.

इंदूरहून देवास चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. आता मधला रस्ता कारखान्यांनी भरलेला. नोटा छापणारी बँक नोट प्रेसही इथलीच, त्यामुळे ज्याने देवास पाहिलेलं नाही त्याच्याही खिशात कधी ना कधी देवास येऊन गेलेलं असतं. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर दोन देव्या : बडी माँ तुळजाभवानी आणि छोटी माँ चामुंडा. देव्या दोन, तशी राज्यंही दोन होती. बाजीरावाच्या माळव्यातल्या मोहिमांमधून तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू इथे १७२८च्या सुमारास स्थिरावले आणि त्यांच्या वंशात गाव मधोमध वाटलं गेलं : थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार. धारची गादी याच पवारांच्या दुसऱ्या शाखेची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून इथे राहिला आणि या सगळ्या कारभाराने चक्रावून गेला. ‘द हिल ऑफ देवी’ हे त्याचं पुस्तक १९५३मध्ये आलं. त्यातली राजवाड्यातली गोकुळाष्टमी वाचण्यासारखी आहे. एकाच वेळी चाललेल्या अनेक वाद्यांचा आणि भजनांचा कल्लोळ त्याच्या साहेबी कानांना सोसवत नव्हता, आणि तरी त्याला तिथून उठवत नव्हतं.

अशा गावात गवयाला एक सोय असते. एका दरबाराशी बिनसलं तर रस्ता ओलांडायचा. रजबअलींनी तसं केलं की नाही हे सांगता येत नाही, पण त्यांचा स्वभाव पाहता विचार मनात आलाच असेल. खाँसाहेब जिभेचे तिखट, पोशाखाचे शौकीन आणि हाताचे सढळ म्हणून प्रसिद्ध. पैसा आला की उडाला. समोरचा गवई कितीही मोठा असो, जे वाटलं ते तोंडावर. त्यांच्याबद्दलच्या आठवणी सांगणारा प्रत्येक जण आधी हसतो.

वडील मंगलू खाँ हे बडे महंमद खाँच्या परंपरेतले. हे नाव ऐकलं की ग्वाल्हेरची ती जुनी दंतकथा आठवते : बडे महंमद खाँची तान इतकी दुर्मीळ होती, की ती उचलण्यासाठी हद्दू-हस्सू खाँ या भावांना पडद्याआड बसवून महिनोन्‌महिने त्यांचं गाणं ऐकवलं गेलं. कथा खरी असो वा नसो, त्या घराण्याची इस्टेट कोणती होती ते तिच्यातून कळतं. इस्टेट म्हणजे तान.

त्यावर रजबअलींनी दुसरी तालीम घेतली ती बीनची, आणि तीही बंदे अली खाँची. बंदे अली म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं बीनवादनातलं सर्वांत मोठं नाव. १८९५मध्ये ते वारले ते पुण्यात आणि त्यांची कबरही पुण्यातच आहे. पुणेकरांना विचारून पाहा, किती जणांना ठाऊक आहे. बीन हे घाईचं वाद्य नव्हे. एका पडद्यावर बोट ठेवायचं आणि तार ओढून चार सुरांचा प्रवास त्या एकाच जागी करायचा. ज्याच्या बोटांना ही सवय लागली त्याच्या गळ्याचीही चाल बदलते. रजबअलींची तान भन्नाट वेगाची होती असं सगळे सांगतात. माझ्या कॅसेटवर मला जे ऐकू येतं ते जरा वेगळं आहे. वेगात असताना सुद्धा एक सूर दुसऱ्यात मिसळून जातो; तो तुटून पडत नाही. दाणे दिसतात आणि दोराही दिसतो. हा दोरा बीनचा असावा असं मला वाटतं. जाणकार यावर हसतील, तर हसोत.

आता कोल्हापूर. मराठी वाचकाशी खाँसाहेबांचं खरं नातं इथे जुळतं. रजबअलींच्या आयुष्याचा मोठा तुकडा करवीरात गेला. शाहू महाराजांचं कोल्हापूर म्हणजे गाणं, नाटक, कुस्ती या तिन्ही गोष्टींना सारखाच खुराक देणारं गाव. तिथे दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. दोघांचीही गायकी अनवट रागांची, पेचदार तानांची. दोघे समोरासमोर आल्यावर काय व्हायचं याच्या कथा कोल्हापुरात अजून सांगतात. त्यातल्या निम्म्या मी कागदावर उतरवणार नाही, कारण सांगणारा ज्या खाँसाहेबांचा, तो खाँसाहेब प्रत्येक कथेत जिंकलेला असतो.

पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अल्लादिया खाँनी आपलं गाणं ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. भास्करबुवा बखले यांचंही एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. भास्करबुवा १९२२मध्ये गेले. आणि गंमत अशी की भास्करबुवांनाही लहान वयात बीनकार बंदे अलींचाच हात लागला होता. म्हणजे रजबअली, भास्करबुवा, अल्लादिया हे तिघेही आपल्याला जवळजवळ ऐकायला मिळत नाहीत. रजबअलींची निदान उतारवयातली चार तरी मुद्रणं हिंडताहेत. बाकी दोघांचं तेही नाही. असं असूनही अल्लादिया आणि भास्करबुवा ही नावं मराठी घरात अनोळखी नाहीत. रजबअली आहेत. असं का?

मला सापडलेलं उत्तर असं. भास्करबुवांच्या मागे रंगभूमी होती. ‘स्वयंवर’च्या पदांतून ते अशा लोकांच्याही कानांत शिरले ज्यांनी ख्याल कधी ऐकला नाही. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव हे शिष्य होते, पुण्यात भारत गायन समाज होता. अल्लादिया खाँच्या मागे केसरबाई, मोगूबाई आणि मग किशोरीताई अशी रांग लागली, आणि जयपूर हे घराण्याचं नाव पक्कं झालं. रजबअलींना घराण्याचं नावच मिळालं नाही. बंदे अलींमुळे कुणी त्यांना किराण्याजवळ बसवतं, वडिलांमुळे कुणी ग्वाल्हेरकडे ओढतं, अमीर खाँमुळे कुणी इंदूर घराण्याच्या ओसरीवर जागा देतं. संगीताच्या नकाशावर ज्याच्या दारावर पाटी नाही त्याच्याकडे टपाल येत नाही. यात अन्याय आहे, पण कट नाही. खाँसाहेबांनीही पाटी लावायची खटपट केलेली दिसत नाही.

इंदूरला मुंबई बाजारात सारंगीवादक शहामीर खाँचं घर होतं. होळकर दरबारचे हे सारंगिये. त्यांच्या घरी गाण्याबजावण्याची मंडळी जमायची : अल्लाबंदे खाँ, नसीरुद्दीन डागर, बीनकार मुराद खाँ, सारंगीचे बुंदू खाँ आणि देवासहून रजबअली. त्या बैठकीत कोपऱ्यात बसून ऐकणारा एक पोरगा होता, शहामीर खाँचा थोरला मुलगा. त्याने पुढे किराण्याच्या अब्दुल वहीद खाँकडून आलापाचा संथपणा घेतला, भेंडीबाजारच्या अमान अली खाँकडून सुरांच्या मांडणीचा हिशोब घेतला, आणि तान घेतली ती घरी येणाऱ्या त्या देवासच्या फटकळ काकांकडून. कुणाचा गंडा न बांधता. हा मुलगा म्हणजे अमीर खाँ.

ज्यांच्याकडे अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची ती जुनी लाँगप्ले आहे, त्यांनी ती आज रात्री पुन्हा काढावी. झुमऱ्याच्या विलंबितात ते जे करतात त्यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी सांगतो ते दुसरंच : दोन आलापांच्या मधल्या शांततेतून एखादी तान उसळते आणि क्षणात विरते, ती ऐका. ती इतकी गंभीर चेहऱ्याने येते की चपळ आहे हे लक्षातच येत नाही. रजबअलींच्या चाहत्यांचा सगळा खटला त्या ताना पुराव्यात दाखल करून उभा आहे. ‘आमच्या खाँसाहेबांचं रेकॉर्डिंग नाही असं कोण म्हणतं?’ मास्तर विचारतात. ‘एचएमव्हीने काढलंय की. वर नाव फक्त अमीर खाँचं आहे.’

मास्तर हे हसत बोलले, पण मला त्यात तथ्य दिसतं. कारण हाच पुरावा आणखी दोन-तीन ठिकाणी सापडतो. रजबअलींचे पुतणे आणि शिष्य अमानत खाँ देवासवाले मुंबईत होते. त्यांच्याकडे काही काळ शिकलेली एक विद्यार्थिनी इंदूरला जन्मलेली : लता मंगेशकर. लताबाईंच्या सिनेगीतांतल्या छोट्या, मोत्यांसारख्या फिरतींत देवास शोधायचा मोह चाहत्यांना होतो. तो मोह मला फारसा पटत नाही, लताबाईंचा गळा कुठल्याही तालमीला पुरून उरणारा होता. पण काका-पुतण्याच्या तालमीचा एक धागा त्या गळ्यापर्यंत पोचला, हे नाकारताही येत नाही. तिकडे कोल्हापुरात निवृत्तीबुवा सरनाईक. त्यांनी सवाई गंधर्व, रजबअली आणि अल्लादिया अशा तीन ठिकाणचं पाणी प्यायलं. निवृत्तीबुवांच्या द्रुतातली ती झपाट्याची, अंगावर येणारी फिरत ज्यांनी बैठकीत ऐकली असेल, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आणि इंदूरला कृष्णराव मुजुमदार, सगळ्यांचे ‘मामासाहेब’. पेशाने इंजिनिअर. पोटापाण्यासाठी त्यांना गावं लागत नव्हतं, म्हणून उस्तादांचं गाणं जसंच्या तसं सांभाळता आलं, असं इंदूरचे लोक सांगतात. व्यावसायिक गवयाला श्रोत्यांसाठी थोडं बदलावं लागतं, हौशी शिष्याला ते लागत नाही. हा मुद्दा आपल्या संगीताच्या इतिहासात फारसा कुणी मांडत नाही.

न्यूयॉर्कमधल्या ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या गिटारवाल्या बँडबद्दल एक बोलणं प्रसिद्ध आहे. त्यांची पहिली लाँगप्ले १९६७मध्ये आली तेव्हा फारशी खपली नाही. पुढे ब्रायन इनो या संगीतकाराने अशा अर्थाचं काही म्हटलं की घेणारे थोडे होते खरे, पण ज्याने घेतली त्याने आपला स्वतःचा बँड काढला. पाश्चात्त्य रॉकचे शौकीन या वाक्याला आता कंटाळले असतील. मला मात्र ते वाचल्यावर शहामीर खाँच्या घरची ती खोली आठवली. तिथे रजबअलींना ऐकणारे किती असतील? दहा, पंधरा. त्यातल्या एकाने इंदूर घराणं काढलं.

आता अवघड भाग.

देवासमध्ये गाण्याचं नाव काढलं की समोरचा माणूस टेकडीच्या पायथ्याकडे, ‘भानुकुल’कडे बोट दाखवतो. कुमार गंधर्व. त्यात काहीच चूक नाही. ३० जानेवारी १९४८ या दिवशी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, क्षयाने पोखरलेला तेवीस वर्षांचा तरुण हवापालटासाठी देवासला आला. काही वर्षं गाण्याची बंदी. अंथरुणावर पडून त्याने माळव्याच्या बायकांची गाणी, जोगी-नाथपंथीयांची भजनं ऐकली. १९५३च्या सुमारास तो पुन्हा गाऊ लागला तेव्हा भारतीय संगीतात काहीतरी कायमचं बदललं होतं. पुढे १२ जानेवारी १९९२ला याच गावात तो वारला. कुमारजींनी देवासचं नाव जगभर नेलं, आणि त्या प्रकाशात त्याच गल्ल्यांतला दुसरा दिवा दिसेनासा झाला.

तारखा पाहा. १९४८ ते १९५९. अकरा वर्षं हे दोघे एकाच लहानशा गावात होते. एक सत्तरी ओलांडलेला, दरबारी जमान्यातला, तानेचा सम्राट; दुसरा पंचविशीतला, एका फुप्फुसाचा, परंपरेला प्रश्न विचारणारा. या दोघांनी एकमेकांबद्दल काय म्हटलं, एकमेकांना किती ऐकलं, याच्या देवासमध्ये जितक्या कथा आहेत तितक्या टेकडीला पायऱ्या नसतील. मी त्यातली एकही इथे सांगत नाही. सांगण्यासारखी गोष्ट मला वेगळी वाटते. ज्या माळव्याने कुमारांना लोकधून दिली त्याच माळव्यात दरबारी ख्यालाचं शेवटचं मोठं पीठ होतं. कुमारांच्या मित्रमंडळाचे, राहुल बारपुते, विष्णू चिंचाळकर यांच्यासारख्यांचे, कान तयार झाले ते अशा हवेत, जिथे रजबअली, अमीर खाँ, बुंदू खाँ ही नावं घरच्या माणसांसारखी घेतली जायची. नव्या कुमारांना ऐकणारे लोक आकाशातून पडले नव्हते. त्यांचे कान आधी कुणीतरी तयार केले होते.

आता चाहत्यांबद्दल. ‘फॅन क्लब’ वगैरे काही नाही. इंदूर, उज्जैन, देवास, कोल्हापूर मिळून मला भेटलेले एकूण चौदा जण. बहुतेक साठीच्या पुढचे. एक औषधाचं दुकान चालवणारा चाळिशीचा गृहस्थ आहे, तो सगळ्यांत कडवा. त्याने सगळ्या उपलब्ध मुद्रणांची वही केली आहे : कोणत्या नकलेत कुठल्या मिनिटाला तबला बुडतो, कुठे रेडिओच्या निवेदकाचा शब्द अर्धवट कापला गेलाय, कोणती कॅसेट भरताना मूळ फीत किंचित जास्त वेगाने फिरल्यामुळे सूर अर्धी पट्टी चढलाय. हे शेवटचं महत्त्वाचं. आपण ऐकतो तो रजबअलींचा आवाज पातळ वाटतो, त्यात काही वाटा वयाचा आणि काही वाटा टेपरेकॉर्डरच्या मोटारचा असू शकतो. त्या दुकानदाराने एक मुद्रण सावकाश करून ऐकवलं. म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला. अर्थात योग्य पट्टी कोणती याची खात्री कुणालाच नाही, त्यामुळे प्रत्येकाचा रजबअली थोडा वेगळ्या वयाचा आहे.

आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५मध्ये सुरू झालं तेव्हा खाँसाहेब ऐंशीच्या पलीकडे होते. त्यांच्या पस्तिशी-चाळिशीच्या, कोल्हापूरच्या दिवसांतल्या गळ्यासमोर कुणी यंत्र धरलं नाही. ज्या तानेसाठी सगळे त्यांना मानायचे ती मुद्रित झाली तेव्हा ती नव्हतीच, तिची आठवण होती. म्हणूनच त्या कॅसेटवरची सूचना मला आता पटते. आवाज हा रजबअलींचा म्हणून ऐकायला गेलात तर फसाल. गाणं कसं जातंय, तान कुठे वळते, सम कशी गाठते, तिकडे कान द्या. घर पाडल्यावर पाया उघडा पडतो आणि खोल्या कुठे होत्या ते कळतं, तसं हे ऐकायचं असतं.

चाहत्यांची एक खोडही सांगितली पाहिजे. उपेक्षित माणसावर प्रेम करणाऱ्यांना उपेक्षाही थोडी आवडते. उद्या रजबअलींची एखादी टकाटक रेकॉर्ड सापडली आणि पुण्या-मुंबईच्या दिवाळी पहाटेत त्यांच्या बंदिशी गाजू लागल्या, तर या चौदातले निदान पाच तरी नाराज होतील. ‘आता काय, सगळेच ऐकतात’ असं म्हणून ते कुणा आणखी विसरलेल्या बीनकाराकडे वळतील. मीही त्या पाचांत असेन. हे मास्तरांना सांगितलं तर ते रागावले. मग हसले. मग चहा आला.

देवासने त्यांना पूर्ण विसरलं असंही नाही. मध्य प्रदेशच्या अलाउद्दीन खाँ संगीत अकादमीतर्फे त्यांच्या नावाने देवासला समारोह होत आला आहे. अमीक हनफी यांनी हिंदीत त्यांचं छोटेखानी चरित्र लिहिलं आहे. रद्दीत मिळालं तर सोडू नका. पण समारोहात त्यांची बंदिश किती वेळा ऐकू येते? नाव फलकावर, गाणं भलत्याचंच, हा आपल्याकडचा जुना प्रकार. चांगले कलाकार येतात, छान गातात, पण ज्याच्या स्मृतीसाठी बसलो त्याची तान कशी होती हे दहा मिनिटं तरी कुणी उलगडून दाखवावं, ही माझी साधी तक्रार आहे.

देवासहून परतताना मी वाट वाकडी करून धारला गेलो. धार इंदूरपासून पासष्ट किलोमीटर, पुढे आणखी पस्तिसेक किलोमीटरवर मांडू. धारच्या टेकडीवर शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ आहे. वसईचे फडके, गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांनी घडवला. पवारांच्या आश्रयाने ते धारला आले आणि धारचेच होऊन गेले, १९६१मध्ये पद्मश्री. स्टुडिओत त्यांनी घडवलेले पुतळे आणि मुखवटे आहेत. धूळ बसलेली, कुठे नाक उडालेलं, पण माणूस समोर उभा आहे. त्यांचा हात कसा चालायचा ते प्लास्टरमध्ये दिसतं. फडके आणि रजबअली : दोघांच्या गावांवर एकाच कुळाच्या दोन गाद्या, दोघांना माळव्याच्या संस्थानिकांचा आश्रय. एकाचं काम बोटाने चाचपून पाहता येतं. दुसऱ्याचं पाहायला फ्रीज बंद करावा लागतो.

मांडूला बाजबहादूरच्या महालात उभं राहिलं की गाइड रूपमतीची गोष्ट सांगतो. बाजबहादूर गवई होता, १५६१मध्ये अधमखानाने त्याला हरवलं, आणि पुढे अकबराच्या चाकरीत गेल्यावर ‘आइन-इ-अकबरी’तल्या गायकांच्या यादीत त्याचं नाव अतुलनीय गायक म्हणून नोंदलं गेलं. गाणं कसं होतं? त्याची एक तान उरली नाही. प्रेमकथा उरली, कारण ती सांगता येते. बाजबहादूरच्या काळी टेपरेकॉर्डर नव्हता, तेव्हा त्याला इलाज नाही. रजबअलींच्या काळी होता.

म्हणून शेवटी वाचकांना एक विनंती. इंदूर, उज्जैन, देवास, धार, बडोदे, कोल्हापूर, सांगली : या गावांतल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत स्पूलचे चपटे डबे असतात. कुणाचे आजोबा रेडिओवर होते, कुणाचे काका बैठका ठेवायचे. डब्यावर नुसतं ‘र. खाँ’, ‘अमानत’, ‘कानडा, चांगला’ असं काही लिहिलेलं असेल. तो डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर समजा की फीत कुजायला लागली आहे आणि वेळ थोडा आहे. हौसेने जुन्या मशीनवर लावून पाहू नका, फीत तुटते. डबा लोहचुंबकापासून, स्पीकरपासून लांब ठेवा, डब्यावरचं लिखाण पुसू नका, आणि जाणकार माणसाकडून आधी तिची डिजिटल प्रत करून घ्या. गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत अभिलेखागार, दिल्लीची संगीत नाटक अकादमी, मुंबईचं एनसीपीए, कुठेही विचारा. मुद्रण फुटकळ निघालं, नुसती खरखर निघाली, तरी फेकू नका. अकराव्या मिनिटापर्यंत थांबा.